गिरिजावहिनींचं ‘हाव’

आमच्या नात्यात लग्न असो की बारसं, जेवणं उरकून माणसं भिंतीला टेकली की कुणीतरी मला म्हणतंच, "आप्पा, ती बँकॉकची सांगा की." मग गिरिजावहिनींनी बँकॉकच्या बाजारात ‘हाव, हाव’ म्हणत पोरींच्या कपड्यांचे गठ्ठे कसे गळ्यात पाडून घेतले, ती गोष्ट होते. लातूर, उदगीर, नांदेड, सगळीकडं ती पोचली आहे. ज्यांनी वहिनींना कधी पाहिलं नाही त्यांनाही ती पाठ आहे.

ती पहिल्यांदा मी सांगितली. आणि ती अर्धी खोटी आहे. पंचाहत्तरी ओलांडली आता. तोंडानं खरं सांगायचा प्रयत्न मी एकदा करून पाहिला, तो साधला नाही. म्हणून लिहितो आहे.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर हदगावचं. आमच्या लातुरात होकाराला ‘व्हय’ म्हणतात, हदगावाकडं ‘हाव’. आमच्याकडं माणूस ‘करायलाय’, तिकडं तो ‘करून राहिलाय’. लग्न होऊन आल्या तेव्हा आमच्या आईनं पहिल्याच आठवड्यात त्यांना समोर बसवून सांगितलं, "गिरिजा, आमच्यात व्हय म्हणत्यात बरं का."

"हाव," वहिनी म्हणाल्या.

आईनं कपाळावर हात मारला आणि घरभर हशा झाला. पुढं पुण्याचे एक पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, "सूनबाई, जेवलात का?" वहिनी म्हणाल्या, "हाव." पाहुणे म्हणाले, "अहो, हाव कशाची? पोटभर जेवा की." तेव्हापासून चिडवायचं झालं की आम्ही भावंडं त्यांना ‘हावरी वहिनी’ म्हणायचो. घरात सगळ्यांत शेवटी आणि उरलंसुरलं जेवणारी बाई ती.

त्या ‘हाव’मध्ये होकार फार थोडा असायचा, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. समोरचा बोलत असताना त्या मान हलवत हळू आवाजात म्हणत राहायच्या, "हाव... हाव..." म्हणजे ऐकून राहिले, एवढंच. आई रागावली तरी हाव, भावानं साडीचा रंग स्वतःच ठरवला तरी हाव. पटलंय का, हे त्यांना कुणी विचारायचं नाही. हाव म्हणल्या ना, झालं. माणूस एका शब्दाच्या खोलीत राहायला जावा आणि बाहेरून कडी लागावी, तसं ते होतं. कडी लावणारे आम्हीच होतो, पण तेव्हा ती आम्हाला दिसत नव्हती.

आमचं कापडाचं दुकान लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईत. भाऊ गेला तेव्हा वहिनी पन्नाशीच्या आत होत्या. एकुलती मुलगी सुनंदा नांदेडला दिलेली. थोरल्याच्या वाट्याचं माणूस दुकानात दिसलं पाहिजे म्हणून आम्ही त्यांना बायकांच्या कपड्यांच्या बाजूला खुर्ची दिली. बसायला दिली होती. त्या उभ्याच राहिल्या.

कोणताही कपडा हातात आला की पहिल्यांदा उलटा करायचा, ही त्यांची खोड. "कापड आतून बघावं," म्हणायच्या. शिवण, दोरा, अस्तर, सगळं बघून मग सुलटा करायच्या. ही खोड दुकानापुरती असती तर ठीक होतं. निलंग्याला एका लग्नात आहेर करायला आम्ही स्टेजवर चढलो, तर यांनी नवरदेवाच्या शेरवानीचं टोक धरून उलटं केलं आणि म्हणाल्या, "अस्तर न्हाई याला. घामानं मरल पोरगं." नवरीकडची मंडळी गोरीमोरी झाली. नवरदेव मात्र वाकून त्यांच्या कानात म्हणाला, "आजी, सकाळपासून तेच सांगायलोय, कुणी ऐकेना."

लातुरात क्लाससाठी गावोगावच्या पोरी येतात. मुखेडच्या, निलंग्याच्या, हदगावच्या. होस्टेलच्या एकेका खोलीत चौघी-चौघी राहतात. संध्याकाळी त्यांतल्या काही आमच्या दुकानात यायच्या. घ्यायच्या थोडं, बसायच्या जास्त. वहिनी त्यांना पाणी द्यायच्या, गावाकडचं विचारायच्या, घरच्यांची आठवण येते का विचारायच्या. एकदा मुखेडची एक पोरगी रडतच आली. खोलीची किल्ली ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवली होती, गाठ सुटली, किल्ली रस्त्यात कुठंतरी पडली. होस्टेलवाल्या बाई सगळ्यांसमोर बोलल्या होत्या.

"काहून गं, खिसा न्हाई का तुला?" वहिनींनी विचारलं.

"आजी, आमच्या ड्रेसला कुठं खिसा असतोय?" पोरगी नाक पुसत म्हणाली.

वहिनींनी तिचा कुर्ता बाजूनं चाचपून पाहिला. मग रॅकवरचा एक काढून उलटा केला, दुसरा काढून उलटा केला. त्या संध्याकाळी त्यांनी आमच्या दुकानातला पोरींचा निम्मा माल उलटा करून ठेवला होता. माझा मुलगा महेश वैतागला.

"काय चाललंय काकू?"

"एवढ्या शिकून राहिल्या पोरी," वहिनी म्हणाल्या, "एका हातात फोन, दुसऱ्या हातात पुस्तकं, अन् किल्ली ओढणीला. खिशाचं काही आण की रे."

"काकू, पोरी चमक बघत्यात. खिसा कोण बघतंय?"

"हाव," वहिनी म्हणाल्या. पण ते नेहमीचं नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस त्या आल्या-गेल्या पोरीला विचारत होत्या, तुझी किल्ली कुठं असते, पैसे कुठं ठेवतेस, बसमध्ये फोन कुठं धरतेस.

दुकानाचा वरचा मजला तेव्हा रिकामा होता. जुनी खोकी, मोडक्या रॅकी, धूळ. एका सकाळी दुकान उघडताना वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, वरचा मजला मला द्या. नुसत्या पोरींच्या कपड्यांचा करते." लग्न होऊन आल्यापासून या बाईनं तोंड उघडून काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी म्हणालो, महेशला विचारू.

महेश त्या वेळी बँकॉकला जायच्या बेतात होता. करोनाच्या आधीची गोष्ट ही. तिकडच्या घाऊक बाजारात तरण्या पोरापोरींची नवीन फॅशन आधी येते, मग वर्षा-दोन वर्षांनी आपल्याकडं, असं व्यापाऱ्यांत बोललं जायचं. हैदराबादचे एक एजंट, सलीमभाई, छोट्या गावच्या दुकानदारांना तिकडं घेऊन जायचे. महेश हसत म्हणाला, "काकू, तुम्हीच चला. पोरींचा माल तुम्हीच निवडा. पटला तर वरचा मजला तुमचा. न्हाई पटला तर परत हा विषय काढायचा न्हाई. हाव?"

"हाव," वहिनी म्हणाल्या.

सगळे हसले. मी पण हसलो. पण वहिनींचा त्या मजल्यावर किती जीव होता ते मला दिसलं होतं, कारण त्याच दुपारी त्या एकट्याच वर गेल्या आणि झाडून काढून आल्या.

वहिनींना सोबत म्हणून मीही निघालो. हैदराबादच्या विमानतळावर तपासणीला आम्ही रांगेत होतो. वहिनींच्या गळ्यात इष्टलिंग, चांदीच्या डबीत, आमच्या लिंगायतांत असतं तसं. तपासणीच्या बाईनं डबी काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितली. मला वाटलं, आता हाव म्हणतील आणि काढतील. वहिनी म्हणाल्या, "ते काढत नसतात." बाईनं पुन्हा सांगितलं. वहिनी पुन्हा म्हणाल्या, तेवढ्याच हळू, "काढत नसतात, बाई." मागं रांग खोळंबली. महेश दात-ओठ खाऊ लागला. शेवटी कुणी मोठा अधिकारी आला, त्यानं गळ्यातच यंत्र फिरवून बघितलं आणि जाऊ दिलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की या बाईला नाही म्हणता येतं. आम्ही तशी वेळच येऊ दिली नव्हती.

बँकॉकच्या त्या बाजारात शिरलं की बाहेर कुठून पडायचं ते कळत नाही. एक माणूस जाईल एवढी गल्ली, दोन्ही बाजूंना छतापर्यंत कपडे, वरून दिव्यांचा झगझगाट, प्रत्येक दुकानातून वेगळं गाणं. गुडघ्यावर फाडलेल्या जीन्स, बेंबीपर्यंतचे टॉप, दोन माणसं मावतील एवढे ढगळे शर्ट. मला सारखं वाटत होतं, की आपण एखाद्या पोरीच्या कपाटात शिरलो आहोत आणि आता कुणीतरी बघेल. वहिनी मात्र डोक्यावर पदर घेऊन, कपडे उलटे करत चालल्या होत्या. दुकानवाल्या पोरी आधी दचकायच्या, मग हसायच्या.

पहिल्याच दिवशी ते घडलं. एका दुकानात एक ठेंगणीशी बाई टिकल्या लावलेले चमकदार टॉप दाखवत भराभर बोलत होती. वहिनींना एक अक्षर कळत नव्हतं. पण समोरचं माणूस बोलतंय तर ऐकतोय असं दाखवायला नको? त्या मान हलवत म्हणत होत्या, "हाव... हाव..." ती बाई एक टॉप उचलून दाखवायची, वहिनी म्हणायच्या हाव, ती तो बाजूला टाकायची. बघता बघता ढीग झाला, आतून एकानं पिशवी आणली, कोंबलं, दोरी आवळली आणि गठ्ठा वहिनींच्या पायाशी ठेवून दिला.

महेश धावत आला. "हे काय? कुणी घेतलं?" ती बाई वहिनींकडं बोट दाखवून म्हणत होती, "आव! आव!"

सलीमभाई पुढं झाले, त्या बाईशी थोडं बोलले आणि पोट धरून हसायला लागले. "अम्मा, तुम हौ-हौ बोले ना? इनकी ज़बान में ‘आव’ बोले तो ‘लेती हूँ’. हम हैदराबाद वाले भी हौ बोलते. मैं पहले टाइम आया था तो ऐसाच फँसा था. दो बोरे टोपियाँ ले के गया घर कू."

"अन् नको म्हणायचं असन तर?" वहिनींनी विचारलं.

"माय आव," सलीमभाई म्हणाले.

वहिनी हसल्या. "म्हंजे नको म्हणायला मायला हाका मारायच्या? अगं माय, ये, सोडव मला."

आम्ही सगळे हसलो. तो गठ्ठा मागं घ्यायला ती बाई तयार होईना, म्हणून आम्ही घेऊन टाकला. महेशला तो माल आवडलाच होता. इथपर्यंतची गोष्ट खरी आहे.

त्या संध्याकाळी हॉटेलात मी घरून आणलेली चटणी-भाकरी न्यायला त्यांच्या खोलीवर गेलो, तर वहिनी काचेला कपाळ लावून खाली बघत होत्या. "खिडकी उघडत न्हाई, भावजी," त्या म्हणाल्या. मी सांगितलं, एसी आहे ना, म्हणून. "हाव. पण रस्त्यानं पोरी चालून राहिल्या, त्यांचा आवाज ऐकू येत न्हाई." मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या, "आव. माय आव. आव." शाळेतली पोरगी पाठ करते तसं.

दुसऱ्या दिवशी महेश आणि सलीमभाई माल पाठवायच्या व्यवस्थेला गेले. वहिनी आणि मी दोघंच बाजारात. पाच-सहा गल्ल्या फिरून एका दुकानापाशी त्या थांबल्या. दाराशी ढगळ्या विजारी टांगल्या होत्या. मातकट, काळ्या, शेवाळी रंगाच्या. मांडीवर खिसे, मागं खिसे, गुडघ्याखाली खिसे. वहिनींनी एक उतरवून घेतली, उलटी केली, शिवण बघितली. मग सुलटी करून बाजूच्या खिशात हात घातला. हात मनगटाच्या वर गेला. तो त्यांनी काढलाच नाही. तशाच उभ्या राहिल्या, बराच वेळ, दुसऱ्याच्या विजारीच्या खिशात हात घालून.

"तिकडं बघा, भावजी," त्या म्हणाल्या. गल्लीच्या तोंडाशी तीन-चार कॉलेजच्या पोरी चालल्या होत्या, तसल्याच विजारी घालून. "हात खिशात घालून चालून राहिल्या. कोणी काही धरलं न्हाई, कोणी काही सावरून न्हाई राहिलं. कशा चालून राहिल्या बघा."

मी बघितलं. मला काही विशेष दिसलं नाही. मी म्हणालो, "वहिनी, महेशला येऊ द्या."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय कळतंय यातलं. तुमच्या मनानं घ्या."

हे शब्द मी बोललो. त्याचा अर्थ माझ्या मनात एवढाच होता, की मला यात ओढू नका.

"मग मी घेते," वहिनी म्हणाल्या.

दुकानातली पोरगी त्यांच्याकडं बघत होती. तिनं शेवाळी रंगाची विजार वर धरली आणि भुवया उंचावल्या. वहिनी म्हणाल्या, "आव."

मी घाईनं म्हणालो, "वहिनी, तसं म्हणू नका, बांधतील ते."

"बांधू द्या. म्हणूनच म्हणले."

पोरीनं काळी धरली. "आव." मातकट धरली. "आव." मग तिनं गुलाबी झालरीची एक काढली. वहिनींनी मान हलवली आणि स्वच्छ म्हणाल्या, "माय आव."

त्यांच्या बोलण्यात ‘ह’ नव्हता. हेच मला सांगायचं आहे, बाकी सगळं त्यासाठी लिहिलं. जन्मभर ज्या शब्दाच्या आधी ‘ह’ लावला, तो त्या दिवशी त्यांनी ठरवून काढला होता. त्यांना पुरतं ठाऊक होतं त्या काय बोलत आहेत. गठ्ठे बांधून झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. परतताना रस्त्यावर एका गाडीवर आंब्याच्या फोडी आणि गोड भात एकत्र मिळतो तो त्यांनी घेतला. "आंब्यासंगं भात! सासूबाई असत्या तर मला उभं जाळलं असतं," म्हणाल्या आणि चाटून-पुसून खाल्ला.

माल लातूरला पोचला. दुकानात महेशनं गठ्ठे फोडले. चमकदार टॉप बघून खूश झाला. मग विजारी निघाल्या. त्यानं एक वर धरली.

"हे काय? पोरींचे कपडे हायत का वेल्डिंगवाल्याचे?" सून खुदकन हसली. महेशचा आवाज चढला. "कुणी घेतलं हे? पप्पा, मी नव्हतो तेव्हा तुम्ही होता ना तिथं?"

दुकान तोवर सगळं महेशच्या हातात गेलं होतं. मी खुर्चीवर बसून आल्या-गेल्याशी बोलायचो, तेवढंच. मला माझ्या पोराचं भय वाटायचं. हे लिहायला आता काही हरकत नाही. तो ओरडायचा नाही, नुसता बघायचा, आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलायचा नाही. तसं बघणं आता येणार, हे मला दिसलं. मी होतो आणि मी थांबवलं नाही, असं सांगायचं सोडून मी हसलो.

"अरे, तुझ्या काकूचं हाव!" मी म्हणालो. "पहिल्या दिवशी झालं तेच. ती पोरगी दाखवतीया, ह्या आपल्या हाव, हाव, हाव. मी वळून बघतोय तर गठ्ठे तयार."

दुकानात हशा पिकला. सून डोळ्यांतलं पाणी पुसायला लागली. महेशला राग धरता येईना. "काकू," तो हसत म्हणाला, "खरंच? परत हाव म्हणलात?"

वहिनी विजारीच्या घड्या घालत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी गठ्ठ्याकडं बघत होतो.

"हाव," वहिनी म्हणाल्या.

हशा दुप्पट झाला. त्यांनी असं का म्हणावं यावर मी फार विचार केला आहे. नाही म्हणल्या असत्या तर माझ्या पोरासमोर मी खोटा पडलो असतो. दिराला खोटं पाडायचं नाही, हे त्यांच्या हाडात होतं. त्यांनी मला सोडवलं आणि स्वतः आत राहिल्या.

विजारी माळ्यावर गेल्या. त्या विकल्या गेल्या असत्या की नाही, हे आजही कुणाला माहीत नाही, कारण त्या एक दिवसही टांगल्या गेल्या नाहीत. पुढं तसल्या विजारी आमच्याकडं आल्या, गेल्या, त्यावरून काही ठरत नाही. बँकॉकची गोष्ट मात्र महिन्याभरात गावभर झाली. मीही ती रंगवत गेलो. दर वेळी एक गठ्ठा वाढायचा. माल घ्यायच्या वेळी वहिनींना विचारायचं बंद झालं, विचारलंच तर कुणीतरी म्हणायचं, "काकूला नका विचारू, हाव म्हणतील." वरचा मजला महेशनं अभ्यासिकेला भाड्यानं दिला. क्लासच्या पोरी तिथं येऊन वाचतात.

वहिनी काही दिवस येत राहिल्या. नंतर गुडघ्याचं कारण निघालं. करोनात महेशनं माळ्यावरचा माल काढून त्याचे मास्क शिवायला घेतले, वाटायला. कापड चांगलं जाड होतं. घरी मशीनवर वहिनीच बसल्या. विजारींचे खिसे आधी उसवायचे आणि मग पाय कापायचे, असं काम होतं. मी दारातून बघायचो. त्या ब्लेडनं एकेक टाका काढायच्या, कापड फाटू नये म्हणून सावकाश. महेशचा त्या कामाबद्दल सत्कार झाला. मग सुनंदा येऊन त्यांना नांदेडला घेऊन गेली.

सुनंदाच्या मुलाच्या लग्नात, नांदेडला, जेवणं झाल्यावर पोरांनी मला घेरलं. "आप्पा, बँकॉकची." वहिनी पलीकडं खुर्चीवर होत्या. मी म्हणालो, आज खरी सांगतो. आणि सांगितलं. दुसऱ्या दिवशी काय झालं, त्यांनी मला काय विचारलं, मी काय म्हणालो, आणि तो ‘ह’ कसा नव्हता.

मग एक भाचा म्हणाला, "‘ह’ नव्हता म्हणे! आप्पा, लई भारी. हे नवीन टाकलं काय?" आणि सगळे पहिल्यापेक्षा मोठ्यानं हसले. मी म्हणालो, अरे, खरंच सांगतोय. ते आणखी हसले. महेश म्हणाला, "पप्पा, जुनीच सांगा, ती जमती तुम्हाला."

मी उठून वहिनींच्या शेजारी जाऊन बसलो. म्हणालो, "वहिनी, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"राहू द्या, भावजी." त्या पदराचं टोक उलटं करून त्याची शिवण बघत होत्या. "इतक्यांदा ऐकलं, की आता मलाच वाटून राहिलं, चुकूनच म्हणले असन."

हे लिहायला बसलो ते त्या वाक्यामुळं. लोकांनी मानलं नाही तरी चालेल. सुनंदाला सांगणार आहे, हे आईला वाचून दाखव. वहिनी, तुम्ही चुकून म्हणला नव्हता. मी तिथं होतो.

मागच्या वर्षी त्या गुडघा दाखवायला लातूरला आल्या होत्या. दवाखान्यातून परतताना म्हणाल्या, "वरचा मजला बघून येऊ का?" जिना अरुंद आहे. एकेक पायरी बसत, कठड्याला धरून त्या चढल्या. माझा हात घेतला नाही.

वर सगळं शांत होतं. लाकडी फळ्यांचे छोटे छोटे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक दिवा, एक पोरगी, आणि आमच्याकडं पाठ. पंख्यांचा तेवढा आवाज. वहिनी दारात उभ्या राहून डावीकडच्या भिंतीकडं बघत होत्या. ती भिंत कोरी होती.

"इथं आरसा लावणार होते मी," त्या म्हणाल्या. "दुकानातल्या आरशात पोरी कमरेपर्यंतच दिसतेत. इथं मोठा..."

जवळच्या कप्प्यातली पोरगी वळली. तिनं ओठांवर बोट ठेवलं. "आजी, इथं बोलायचं नसतं."

वहिनींनी तिच्याकडं बघून मान हलवली आणि बोलणं थांबवलं. मग चपला दाराशी काढून, पाय न वाजवता, त्या भिंतीपाशी गेल्या. मला दिसेल असे दोन्ही हात वर केले, एवढा उंच. मग बाजूला पसरले, एवढा रुंद. हात खाली घेतले. त्या कोऱ्या भिंतीसमोर जराशा वळून त्यांनी आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं स्वतःला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.